स्वाधार येईपर्यंत जेवायचं कुठं?

पुण्यात मेसचे पैसे महिन्याच्या सुरुवातीला आगाऊ द्यावे लागतात. बाहेर राहून शिकणाऱ्यांना खर्च देणाऱ्या स्वाधार या सरकारी योजनेचे पैसे वर्ष संपत आलं की येतात, कधी वर्ष संपल्यावर. या दोन तारखांच्या मधले महिने मी कुठं जेवलो, कोणते कागद जमवले, कोणाकडे काय बोललो ते इथं लिहून ठेवतोय. दर जुलैत गावाकडच्या पोरांचे फोन येतात आणि प्रत्येकाला पहिल्यापासून सांगताना काहीतरी राहूनच जातं.

मी हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यातला. घरची तीन एकर कोरडवाहू, त्यात सोयाबीन आणि तूर. २०२३ ला बारावी झाल्यावर पुण्यात बीएस्सीला नंबर लागला. त्या वर्षी ऑगस्ट सगळा कोरडा गेला आणि पुढं सोयाबीनवर पिवळा मोझॅक आला. पानं पिवळी पडली, शेंगा भरल्याच नाहीत. दिवाळीनंतर घरून जे पैसे यायचे ठरले होते ते पिकाबरोबरच गेले. बाबांनी निघताना दिलेल्या रकमेत कॉट बेसिसच्या, म्हणजे एका कॉटपुरतं भाडं द्यायच्या, खोलीचं डिपॉझिट आणि सुरुवातीची मेस भागली. पुढचं सगळं 'बघू'वर होतं.

उपाशी विद्यार्थी बाहेरून ओळखू येत नाही. अंगात इस्त्रीचा शर्ट असतो, हातात मोबाईल असतो, आणि तो वर्गात शेवटच्या बाकावर नाही तर बऱ्याचदा पहिल्याच बाकावर बसलेला असतो. पैसे कमी पडले की फी कमी करता येत नाही, भाडं कमी करता येत नाही, पीएमपी बसचा पास तेवढ्यालाच. कापता येतं ते जेवण, आणि ते कापलेलं कोणाला दिसत नाही. आमच्या खोलीत याच्या ठरलेल्या पायऱ्या होत्या. आधी नाश्ता बंद. मग दोन वेळची मेस वन टाइम. मग दोघांत एक डबा. मेसमध्ये बसून जेवलं तर पोळ्या लागतील तेवढ्या मिळतात, पण एका ताटावर दोघं चालत नाहीत. डब्यात पोळ्या मोजून चार असतात, पण तो खोलीवर नेऊन किती जणांनी खाल्ला हे कोणी विचारत नाही. म्हणून डबा घ्यायचा आणि वरून भात खोलीवर शिजवायचा. शेवटची पायरी बिस्किटाचा पुडा आणि चहा. रविवारी दुपारची फिस्ट, म्हणजे मेसचं खास जेवण, मात्र कोणी सोडत नसे. वन टाइमवाल्याने रविवारी रात्रीऐवजी दुपारचं जेवण मागितलं तर मेसवाले देतील का, यावर आमच्याकडे शनिवारपर्यंत चर्चा चाले.

माय रात्री फोनवर विचारायची, "जेवलास का रं?" मी हो म्हणायचो. तिला कळत असणार, कारण तिचा पुढचा प्रश्न ठरलेला असे, "काय होतं भाजीला?" मग मला रोज एक भाजी सांगावी लागे.

सगळ्यात आधी कामाला आलं ते सरकारी काही नव्हतं, मेसवाल्या काकूंशी झालेलं बोलणं होतं. काकू मूळच्या बार्शीकडच्या, दोन खोल्यांत मेस चालवायच्या. एक तारीख उलटून गेली होती, मी कार्ड नवं केलं नव्हतं आणि त्यांच्या दारावरून तोंड चुकवून जात होतो. त्यांनीच हाक मारली.

"कार्ड संपलंय ना तुझं?"

"हो काकू. दहा तारखेपर्यंत करतो."

"दहाला कुठून येणारेत पैसे?"

मी गप्प.

"हे बघ, माझं किराण्याचं बिल पंधरवड्याने असतं. तू पण पंधरवड्याचं कार्ड घे. आणि गावी जाशील तेव्हा खाडा आदल्या दिवशी सांगत जा. मागनं सांगितलेला मी धरत नाही."

खाडा हा मेसच्या हिशेबातला सगळ्यात दुर्लक्षित पैसा आहे. सलग तीन-चार दिवस जेवणार नसलात आणि आधी सांगितलंत तर तेवढे दिवस कार्डात पुढं धरतात. परीक्षेनंतर गावी जाणारी पोरं घाईत न सांगता एसटीत बसतात आणि आठवड्याचं जेवण बुडवतात. प्रत्येक मेसचा नियम वेगळा, कुठं दोन दिवस, कुठं पाच, तेव्हा कार्ड घेताना पहिला प्रश्न तोच विचारावा.

मेसवाल्यांकडे उधारी मागू नये असं माझं मत आहे. सिलिंडर, तेल, पोळ्या लाटणाऱ्या बायकांचा पगार, सगळं त्यांना रोखीत द्यावं लागतं. हप्ता मागावा, काम मागावं. बऱ्याच मेसमध्ये संध्याकाळी वाढायला माणूस कमी असतो. दीड-दोन तास वाढायला उभं राहिलं की त्या वेळचं जेवण सुटतं. मी काही आठवडे ते केलं. वर्गातली पोरं समोर ताट घेऊन बसलेली असताना आमटी वाढणं पहिल्या दिवशी अवघड गेलं, नंतर त्यातल्याच एकाने विचारलं, "भाऊ, अजून एक जागा आहे का?"

दुपारचा प्रश्न शिवभोजन थाळीने काही काळ सोडवला. ही योजना २६ जानेवारी २०२० ला सुरू झाली. १० रुपयांत दोन चपात्या, एक वाटी भाजी, एक वाटी वरण आणि एक मूद भात. शहरात एका थाळीचा दर ५० रुपये धरलेला आहे, त्यातले १० आपण देतो आणि ४० सरकार केंद्रचालकाला देतं. कोविडच्या काळात ही थाळी आधी ५ रुपयांना आणि २०२१ मध्ये काही महिने फुकटही मिळाली होती. आमच्या खोलीतला बीडचा भाऊ तेव्हा अभ्यासाला पुण्यातच अडकला होता. तो म्हणतो, त्या थाळीवर त्याने लॉकडाऊन काढला.

आता तिचं खरं सांगतो. चपाती ३० ग्रॅमची ठरलेली आहे. एकोणीस वर्षांच्या पोराला दोन चपात्या म्हणजे सुरुवात. पण १० रुपयांत वरण, भात, भाजी ताजी आणि गरम मिळते, आणि सकाळी खोलीवर केलेल्या दोन चपात्या दप्तरात असल्या तर ते पोटभर जेवण होतं. अडचण वेळेची. केंद्र दुपारी ठरावीक तासच उघडं असतं आणि थाळ्यांची संख्या ठरलेली असते, ती संपली की खिडकी बंद. माझं प्रॅक्टिकल ज्या दिवशी असे त्या दिवशी थाळी मिळण्याचा प्रश्नच नव्हता. शिवाय केंद्रं बंद पडतात, जागा बदलतात, म्हणून एकाच केंद्रावर विसंबू नये. बाजार, एसटी स्टँड, सरकारी दवाखाना अशा ठिकाणी आधी बघावं.

आणि फोटो. थाळी देताना केंद्रवाला ॲपमध्ये नाव, मोबाईल नंबर टाकतो आणि फोटो काढतो. खोट्या थाळ्या दाखवून अनुदान उचललं जाऊ नये म्हणून ते आहे, मला ते पटतंही. पण माझा एक दोस्त त्या फोटोमुळे कधी गेला नाही. त्याला वाटे तो कुठंतरी छापून येईल. मी त्याला म्हटलं, गावाकडं रेशनच्या दुकानात अंगठा देतोस तसंच हे. त्याने ऐकलं नाही. वाशीमची एक वर्गमैत्रीण होती, तिचा प्रश्न वेगळाच. हमाल, रिक्षावाले, दवाखान्यातले नातेवाईक अशा गर्दीच्या रांगेत ती एकटी मुलगी असायची आणि सगळे वळून बघायचे. कोणी त्रास दिला नाही, पण ती दोनदा जाऊन थांबली. पोरींच्या जेवणाचा प्रश्न पोरांपेक्षा कठीण आहे, हे मला तिच्यामुळे कळलं. वाढायला उभं राहणं, रात्री उशिरा स्वस्त गाडीवर जाणं, रांगेत थांबणं, आमच्या या सगळ्या सोयी तिच्यासाठी सोयी नव्हत्या. ती शेवटी वसतिगृहाच्या खोलीत लपवून इंडक्शन वापरायची.

महिन्याच्या महिन्याला हातात पैसे देणारी एकच गोष्ट मला सापडली, ती म्हणजे कमवा व शिका. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कॉलेजांमध्ये ही योजना कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाने चालते. कॉलेजात एक विद्यार्थी विकास अधिकारी असतो, बहुतेक वेळा एखादे प्राध्यापकच. सत्र सुरू झालं की त्यांच्याकडे फॉर्म भरायचा. सूचना फलकावर एका कोपऱ्यात लागते आणि जागा मर्यादित असतात, म्हणून पहिल्याच आठवड्यात जाऊन विचारायचं. मला ग्रंथालयात काम मिळालं. परत आलेली पुस्तकं कपाटात लावायची, फाटलेल्यांना चिकटपट्टी लावायची, जुन्या मासिकांचे गठ्ठे बांधायचे. तासाचा दर ठरलेला, हजेरीपत्रकावर रोज सही, आणि पैसे खात्यात. त्यात माझी निम्म्याच्या वर मेस निघायची. रक्कम मोठी नाही, पण कोणत्या महिन्यात किती येणार हे आधी सांगता येतं, आणि भूक लागलेल्या माणसाला तेच हवं असतं.

भाऊरावांचं नाव त्या फॉर्मवर असणं मला आवडतं. साताऱ्यातल्या त्यांच्या वसतिगृहात सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला जेवत. धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पोरांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही दिलं. पुण्यात गरीब विद्यार्थ्याच्या जेवणाची गोष्ट निघाली की जुनी माणसं कौतुकाने वार लावून जेवण्याचं सांगतात, सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी. त्या पद्धतीने अनेक मोठी माणसं शिकली हे खरंच आहे. पण त्या ओसरीवर माझ्या आजोबांना कोणी पान मांडलं नसतं. आमच्यासाठी पंगत उघडली ती बोर्डिंगांनी आणि नंतर योजनांनी, म्हणून योजनेचा अर्ज भरताना मला कधी लाजल्यासारखं झालं नाही. कागद जमवताना वैताग आला, तो वेगळा.

आता स्वाधार. पूर्ण नाव भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी. शासकीय वसतिगृहात अर्ज केला आणि जागा मिळाली नाही, तर बाहेर राहून शिकण्याचा खर्च सरकार थेट खात्यात देतं. मुंबई, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये. त्यात भोजन भत्ता ३२,०००, निवास भत्ता २०,००० आणि निर्वाह भत्ता ८,०००. इतर महापालिकांच्या हद्दीत ५१,००० आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,०००. वह्या-पुस्तकांसाठी इंजिनिअरिंग-मेडिकलवाल्यांना ५,००० आणि बाकीच्यांना २,००० वेगळे. ३२,००० ला कॉलेजच्या दहा महिन्यांनी भागलं तर महिन्याला ३,२०० येतात. आमच्या भागात दोन वेळची मेस साधारण तेवढ्यातच बसते. म्हणजे हिशेब करणाऱ्याने हिशेब नीट केलेला आहे. अडतं ते पैसे हातात पडण्याच्या वेळेपाशी.

पहिली अट लक्षात ठेवायची ती वसतिगृहाच्या अर्जाची. बरीच पोरं म्हणतात, आपला नंबर लागणारच नाही, कशाला अर्ज करायचा? अर्जच केला नसेल तर जागा नाकारली गेली असं दाखवता येत नाही आणि स्वाधारही हातचं जातं. आधी वसतिगृहाचा अर्ज, त्याची पावती, गुणवत्ता यादी लागल्यावर त्यात आपलं नाव नाही हे पाहणं, मग स्वाधार. घरचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं आणि ज्या शहरात शिकतोय तिथले आपण रहिवासी नसावं.

कागदांचं सांगतो. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, अधिवास, आधार, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, टीसी, कॉलेजचं बोनाफाईड, बँक पासबुक हे सगळं साधं. अर्ज ऑनलाइन भरला तरी या सगळ्याची एक फाईल जवळ लागतेच, मूळ प्रती वेगळ्या, झेरॉक्स वेगळ्या. खरी अडचण दोन कागदांनी केली. एक भाडेकरार. कॉट बेसिसवर राहणाऱ्याला कोणता मालक करार करून देतो? आमचे मालक म्हणाले, "कागदावर नको, उद्या तुम्ही खोलीच सोडणार नाही." त्यांना वाटे सही केली की कर मागे लागेल. आम्ही तिघांनी मिळून त्यांच्या मुलाला पटवलं, तो बँकेत कामाला होता, त्याला कागदाची भीती नव्हती. करार झाला. दुसरा कागद मेसच्या पावत्या. काकूंचा सगळा कारभार एका शंभर पानी वहीत. मी अप्पा बळवंत चौकातून पावतीपुस्तक आणि एक साधा रबरी शिक्का बनवून आणला. काकूंना शिक्का इतका आवडला की त्यांनी तो आठवडाभर सगळ्यांच्या कार्डावर मारला.

मग उपस्थिती. ७५ टक्के हजेरीचं पत्र कॉलेजने दिलं की पुढचा हप्ता. हे वाचायला सोपं आहे. पण जे पोरगं जेवणासाठी संध्याकाळी वाढपी आणि सकाळी पेपर टाकायला जातं त्याचंच पहिलं लेक्चर चुकतं. आमच्या वर्गातल्या एकाची हजेरी अशीच कमी भरत होती. त्याने विभागप्रमुखांना जाऊन खरं काय ते सांगितलं. त्यांनी हजेरी वाढवून दिली नाही, पण त्याची प्रॅक्टिकलची बॅच दुपारची केली, म्हणजे पुढची हजेरी भरली. तेवढंच हवं होतं. शिक्षकांना सांगितल्याशिवाय कळत नाही आणि सांगितलं की बहुतेक जण काहीतरी करतात, असा माझा अनुभव. एका मॅडमनी तर एका मुलीची महिन्याची मेस परस्पर भरली होती आणि तिला सांगताना एवढंच म्हणाल्या, "तू नोकरीला लागलीस की दुसऱ्या कोणाची भर."

बँकेच्या खात्यात एक गोम आहे. पैसे आपण अर्जात लिहिलेल्या खात्यात येतील असं वाटतं, पण डीबीटीचे, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारे, पैसे आधार ज्या खात्याला जोडलेलं असतं तिकडे जातात. गावाकडं कधीतरी शिबिरात शून्य रकमेचं खातं उघडलेलं असतं, अंगठा दिलेला असतो, आणि शेवटचं आधार तिकडं जोडलं गेलेलं असतं. माझा एक मित्र महिनाभर पैसे आले नाहीत म्हणून चकरा मारत होता. पैसे त्याच्या गावातल्या दुसऱ्याच बँकेत जमा होऊन पडले होते. आधार कोणत्या बँकेला जोडलंय ते आधारच्या संकेतस्थळावर दिसतं. अर्ज भरण्याच्या दिवशीच बघून घ्यावं.

माझे पैसे पुढच्या उन्हाळ्यात आले. मेसेज आला तेव्हा मी ग्रंथालयात गठ्ठे बांधत होतो. खरं म्हणजे त्यातले बरेच मी आधीच खाऊन बसलो होतो. मामाचे घेतलेले, खोलीतल्या दोस्ताचे घेतलेले, काकूंचा एक पंधरवडा. ते सगळं फिटल्यावर जे उरलं ते मी वेगळ्या खात्यात टाकलं आणि दुसऱ्या वर्षाच्या मेसला त्यातूनच पैसे काढले. स्वाधारचं गणित जमतं ते असं. पहिलं वर्ष तुम्ही उधारीवर काढता आणि पहिल्या वर्षाच्या पैशांवर दुसरं वर्ष जेवता. हे कोणी आधी सांगितलं असतं तर पहिल्या वर्षी पैसे आज येतील, उद्या येतील म्हणून खात्याकडं बघत बसलो नसतो.

ज्यांना स्वाधार लागू होत नाही त्यांच्यासाठी त्याच धर्तीवर दुसऱ्या योजना आहेत, आणि आमच्या खोलीत त्यांचे सगळे नमुने होते. आदिवासी विद्यार्थ्यांना पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना. ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना, तिथंही पुण्यात ६०,०००, पण दर जिल्ह्याला जागा ठरलेल्या. बीडचा भाऊ मराठा, अल्पभूधारकाचा मुलगा, त्याला डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. तेव्हा महानगरात ३०,००० होता. तो म्हणायचा, "तुमचं ताट भरलेलं, आमचं अर्धं." यावर आमच्यात भांडणं झाली, जातीवरून झाली, रात्री एकपर्यंत झाली. दुसऱ्या दिवशी डबा नेहमीसारखा दोघांत एकच होता.

या सगळ्या योजनांच्या आधीपासून पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समिती आहे, १९५५ पासून. ग्रामीण भागातल्या गरजू मुलामुलींना कमी खर्चात राहणं आणि जेवण, आणि बदल्यात वसतिगृहातलं काम. प्रवेश मुलाखत घेऊन देतात आणि अर्ज निकालाच्या आसपासच निघतात. मला ते कळलं तेव्हा प्रवेश होऊन गेले होते. ज्याचा निकाल अजून लागायचा आहे त्याने मात्र पहिला प्रयत्न तिथं करावा. जेवण आणि छप्पर एकाच ठिकाणी मिळालं तर निम्मे कागद वाचतात.

रेशनचा रस्ता मला उशिरा सापडला आणि अजूनही बहुतेक पोरांना तो माहीत नाही. घरच्या प्राधान्य कुटुंबाच्या शिधापत्रिकेवर आपलं नाव असतं आणि माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. 'एक देश एक रेशन कार्ड'मुळे आपल्या वाट्याचं धान्य आपण ज्या गावात आहोत तिथल्या दुकानात अंगठा देऊन उचलता येतं, कार्ड बदलावं लागत नाही. नाव आधारशी जोडलेलं आणि ई-केवायसी झालेली हवी. एवढंच बघायचं की घरच्यांनी गावात त्या महिन्याचं सगळंच उचलून घेतलेलं नसावं. म्हणून महिन्याच्या सुरुवातीला फोन करायचा. माय म्हणाली, "तुझे पाच किलो मी ठेवले बाबा दुकानात, आता तू उचल."

पहिल्या दुकानदाराने "बाहेरचं कार्ड चालत नाही" म्हणून हात झटकले. दुसऱ्याने काही न बोलता मशीनवर नंबर टाकला, अंगठा घेतला आणि पावती फाडली. वाद घालण्यापेक्षा दुकान बदलणं सोपं पडतं. तरी नाहीच दिलं तर १४४४५ हा मदतीचा नंबर आहे, आणि 'मेरा राशन' ॲपवर आपल्या नावावर किती धान्य शिल्लक आहे ते दुकानदाराच्या समोर धरता येतं. ॲप दाखवलं की बोलण्याचा सूर बदलतो. आम्ही खोलीतल्या तिघांनी धान्य उचलायला सुरुवात केली तसा महिन्याला पंधरा किलो तांदूळ-गहू खोलीत येऊ लागला. गहू चाळून गिरणीत न्यायचा, भात इंडक्शनवर. पोळ्या कोणालाच धड येत नव्हत्या. नगरचा दोस्त भाकरीच्या पद्धतीने थापायचा, जाड आणि कडेला कच्ची, पण पिठलं-ठेचा असला की कोणी तक्रार केली नाही. मेस एक वेळची केली ती या धान्याच्या जोरावर, आणि ते उपाशी राहणं नव्हतं.

घरी चार माणसं आणि धान्य कमी, असं असेल तर आपले पाच किलो इकडं आणू नयेत. आमच्याकडं मी गेल्यामुळं खाणारं एक तोंड कमी झालं होतं, म्हणून जमलं.

सणावारांचं जेवणही हिशेबात धरावं, त्यात कमीपणा नाही. १४ एप्रिलला आणि बुद्धपौर्णिमेला वस्तीवस्तीत जेवण आणि खीर असते, गणपतीत महाप्रसाद, कॅम्पातल्या गुरुद्वाऱ्यात लंगर. लंगरला मी पहिल्यांदा गेलो तेव्हा डोक्याला रुमाल बांधून पंगतीत बसलो आणि जेवल्यावर भांडी घासायला उभा राहिलो. कोणी नाव विचारलं नाही, कागद विचारला नाही. अर्थात रोज जायला ते शिवाजीनगरहून लांब पडतं आणि बसचे पैसे मोजले तर शिवभोजन स्वस्त.

मला एकच गोष्ट खटकत राहिली. कॉलेजात प्रवेशाच्या वेळी रक्तगट विचारतात, छंद विचारतात, जेवणाचं काय हे एकदाही कोणी विचारत नाही. मोठ्या कॉलेजांना स्वाधारचा हप्ता येईपर्यंत कॅन्टीनची कुपनं देणं आणि पैसे आल्यावर वसूल करणं अशक्य नाही. यादी त्यांच्याकडेच असते, बोनाफाईड तेच देतात. मी हे विद्यार्थी विकास अधिकारी सरांना लिहून दिलं. सर म्हणाले, कल्पना चांगली आहे, कॅन्टीनचं कंत्राट मार्चमध्ये संपतंय, तेव्हा बघू. मार्च आला तेव्हा मी पुन्हा गेलो. नव्या कंत्राटात दुपारची राइस प्लेट कमवा व शिकाच्या मुलांना सवलतीत, एवढं एक कलम आलं. स्वाधारवाल्यांचं अजून आलेलं नाही, पाठपुरावा चालू आहे.

यंदा जुलैत येणाऱ्यांनी गाव सोडण्याआधी दोन गोष्टी उरकून घ्याव्यात. तलाठ्याचा अहवाल घेऊन उत्पन्नाचा दाखला काढावा, चालू वर्षाचा, कारण मागचा ३१ मार्चला संपलेला असतो आणि पुण्यातून तलाठी गाठणं म्हणजे एसटीचं भाडं आणि बुडालेली हजेरी. आणि रेशन दुकानात जाऊन आपल्या नावाची ई-केवायसी झाली आहे का ते विचारावं. बाकी कागद इथं जमतात. मेसचा पत्ता हवा असेल तर कॉलेजच्या ग्रंथालयात दुपारी तीननंतर या, काकूंकडे पंधरवड्याचं कार्ड अजून चालतं.